ट्रॅक नवीन आहे म्हणून बंद आहे

भाचीने यावर्षी एमएला ॲडमिशन घेतली. कुठल्या विद्यापीठात ते सांगत नाही, पुण्यात आणि आसपास सरकारी, खासगी, अभिमत मिळून एवढी विद्यापीठं झालीत की अंदाज बांधायला बसलात तर संध्याकाळ होईल. पोरगी आठशे मीटर पळते. गावाकडे शिरूर तालुक्यात कॅनॉलच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्यावर पळून पळून तिने पाय कमावलेत, आणि माहितीपुस्तिकेच्या कव्हरवर विटकरी रंगाचा आठ लेनचा सिंथेटिक ट्रॅक बघून ती एवढी खूश झाली की फी किती, हॉस्टेल कसं, मेसला काय असतं हे सगळं तिच्या आईनेच विचारलं, हिचं लक्ष त्या फोटोत. मग एका रविवारी सकाळी साडेसहाला मीच तिला स्कूटरवर घेऊन गेले, म्हटलं बघू तरी. जाळीचं उंच कुंपण, गेटला कुलूप, आत ट्रॅक चकाचक, एक पान पडलेलं नाही. बाजूला सिक्युरिटीचे काका खुर्ची टाकून बसलेले.

"काका, ट्रॅक कधी उघडतो?"

"बंद आहे ताई."

"का हो?"

"नवीन आहे ना."

मी जरा वेळ तिथे उभीच राहिले. काकांवर चिडण्यात अर्थ नव्हता, त्यांना वरून सांगितलंय की काही खराब झालं तर जबाबदारी तुमची, हे त्यांनीच नंतर अर्धं हसत अर्धं वैतागत सांगितलं. आपल्या घरात कसं, काचेच्या कपाटात एक कपबश्यांचा सेट असतो, पाहुणे आले की बाहेर येतो, एरवी घरची माणसं स्टीलच्या पेल्यातून चहा पितात, तसंच हे चाललंय. पाहुणे म्हणजे कोण तर कॉलेज-विद्यापीठांना दर्जा देणारी नॅक कमिटी, मंत्री, आणि वर्षातून एकदा आंतरविद्यापीठ स्पर्धा भरली तर तिचे संघ.

आता कोणी म्हणेल हिला बांधकामाचंच वावडं आहे. अजिबात नाही. उलट मी म्हणते बांधा, अजून बांधा, कारण सोयी नसल्या की काय होतं ते आपल्याला खाशाबा जाधवांच्या गोष्टीतून कळायला हवं होतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस, तालमीच्या मातीत तयार झालेला, १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेला तेव्हा मॅटवरच्या कुस्तीची त्याला सवयच नव्हती, तरी सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. १९५२ चं ते ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आज गणेशखिंडीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्रीडा संकुलाला खाशाबांचं नाव आहे, १५ जानेवारी हा त्यांचा वाढदिवस राज्याचा क्रीडा दिन आहे, हे सगळं चांगलंच आहे. पण मला त्या गोष्टीतले खर्डेकर जास्त आठवतात. एका कॉलेजच्या प्राचार्याला आपला विद्यार्थी नीट खेळायला पोचला पाहिजे हे इतकं आतून वाटलं की त्याने राहतं घर गहाण टाकलं. आणि आज आपल्याला जिमखान्याची किल्ली सोडवत नाही.

किल्लीवर माझा जुना राग आहे, तो सांगूनच टाकते. मी कॉलेजला कबड्डी खेळायचे, डावी कोपरारक्षक, झोनल, म्हणजे विभागातल्या कॉलेजांची स्पर्धा, दोनदा आणि आंतरविभागीय म्हणजे इंटरझोनल एकदा. आमच्या कॉलेजला (नाव जाऊ दे, सर अजून भेटतात रस्त्यात) एक देखणा इनडोअर हॉल होता, वुडन फ्लोअर, वर ट्रस, भिंतीवर कोनशिला. त्या हॉलमध्ये मी तीन वर्षांत खेळले किती दिवस तर बोटावर मोजण्याइतके. ऑक्टोबरमध्ये परीक्षा, म्हणजे बेंच आत. परीक्षा संपली की तिथेच कॅप सेंटर, पेपर तपासायला टेबलं आत. मग गॅदरिंगची प्रॅक्टिस, मग कुठल्यातरी कंपनीची कॅम्पस मुलाखत, मग पुन्हा एप्रिलच्या परीक्षा. टेबलं ओढून ओढून त्या लाकडी फ्लोअरवर असे चरे पडले होते की अनवाणी पायात कुसळ जायचं. मधल्या दिवसांत हॉल रिकामा असायचा पण किल्ली सरांकडे, सर रजेवर, शिपाई म्हणायचा माझ्याकडे दुसरी आहे पण सही नाही. आम्ही मागच्या पार्किंगमध्ये फक्की मारून मैदान आखायचो. महिला कबड्डीला लागतं किती तर बारा मीटर बाय आठ मीटर, दोन चारचाकी हलवल्या की झालं मैदान, फक्त त्या दोन चारचाकी कोणाच्या होत्या ते विचारू नका. गुडघे सोलवटलेले घेऊन आम्ही इंटरझोनलला गेलो, समोरच्या संघाचा सराव रोज मॅटवरचा, पहिल्या पाच मिनिटांत आमच्या दोन पोरी घसरल्या, कारण मातीवर पाय रोवायची सवय आणि मॅटवर पाय वेगळाच पडतो. खाशाबांच्या लंडनला पन्नास वर्षं उलटून गेल्यावरची गोष्ट सांगतेय मी.

तर नूतनीकरण. हा शब्द आला की माझ्या पोटात गोळा येतो. आपल्याकडे मैदानाचं नूतनीकरण म्हणजे पहिल्यांदा पेव्हर ब्लॉक. मग प्रवेशद्वार, मग स्टीलच्या अक्षरातलं नाव, मग प्रेक्षकांसाठी पायऱ्या (प्रेक्षक कोण, तर समोरच्या संघाची राखीव खेळाडू आणि एक कुत्रं), मग व्हीआयपी रूम आणि तिला एसी. खेळायची जागा या सगळ्यात दोन्हीकडून चार चार फूट कमी होते. जिथे खो-खोचे खांब होते तिथे सेल्फी पॉइंट होतो. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, भारताच्या मुलांनी आणि मुलींनी दोन्ही जिंकले, दोन्ही संघांचे कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, फटाके वाजले, पोस्टर लागले. आता तुम्ही पुण्यातल्या कुठल्याही चार कॅम्पसवर जा आणि दोन खांब रोवलेलं, पाणी मारलेलं, खडे वेचलेलं खो-खोचं मैदान शोधून दाखवा. तेही करोडोंचं काम नाहीये. एक ग्राउंडमन लागतो, पाण्याचा पाइप लागतो आणि रोलर लागतो. पण ग्राउंडमनच्या पगाराचं उद्घाटन करता येत नाही ना.

हाच खरा मुद्दा आहे. बांधायला एकदा पैसे लागतात आणि ते कुठूनतरी येतात, सरकारी योजना, कंपन्यांचा सीएसआर, आमदार निधी, विद्यापीठाचा स्वतःचा फंड. चालवायला दरवर्षी लागतात, ते कुठूनच येत नाहीत. साधा हिशोब बघा, ऑलिम्पिक मापाचा जलतरण तलाव म्हणजे पन्नास बाय पंचवीस मीटर आणि दोन मीटर खोल धरला तरी पंचवीस लाख लिटर पाणी. ते रोज फिल्टर करायचं, क्लोरीन बघायचं, पंपाचं लाइटबिल भरायचं, जीवरक्षक ठेवायचे, आणि मार्चनंतर पुण्यात निम्म्या सोसायट्या टँकरवर असताना हे पाणी कुठून आणलं याचं उत्तरही द्यायचं. सिंथेटिक ट्रॅकचं तर त्याहून मजेशीर आहे. साधारण तेरा मिलिमीटरचा थर असतो, बऱ्यापैकी काळजी घेतली तर आठ-दहा वर्षं टिकतो, मग वरचा थर पुन्हा घालावा लागतो. बरं, तो झिजतो नुसता पळण्याने का? नाही. उन्हाने कडक होतो, पावसाचं पाणी साचलं की फुगतो, सावलीच्या बाजूला शेवाळ धरतं. ऊन-पाऊस काही गेटचं कुलूप बघून थांबत नाही. म्हणजे "नवीन आहे" म्हणून दोन वर्षं बंद ठेवलात तर त्याचं पाचवा हिस्सा आयुष्य तसंच गेलं, एकही पोर त्यावर पळालं नाही आणि खर्च पूर्ण. काकांना हे कोणी सांगितलं नसणार, पण निविदा काढणाऱ्या साहेबांना माहीत असायला हवं.

आणि ट्रॅक खरंच खराब कशाने होतो तेही पुण्याने बघितलंय. जून २०२१, बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल, आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाबद्दलच्या बैठकीला बडी मंडळी आली आणि गाड्या सिंथेटिक ट्रॅकवर लागल्या. फोटो सगळीकडे फिरले. परवानगी एकाच गाडीची होती आणि तीही बाजूच्या काँक्रीटच्या पट्ट्यावरची असा खुलासा नंतर क्रीडा खात्याकडून आला, दिलगिरीही व्यक्त झाली. मला त्यातलं बैठकीचं कारण विसरता येत नाही. क्रीडा विद्यापीठाच्या बैठकीला गाड्या ट्रॅकवर! स्पाइक्स घालून आलेल्या पोराला गेटवर अडवतात, पण साहेबांच्या गाडीच्या टायरची जाडी कोणी मोजत नाही.

बालेवाडीला नावं ठेवायचा मला पुरता हक्क नाही, तेही सांगते, कारण तिथे झालेलं कामही मोठं आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं, २००८ ला राष्ट्रकुल युवा स्पर्धा, २०१३ ला आशियाई ॲथलेटिक्स, २०१९ ला खेलो इंडिया तिथे झालं. स्वप्नील कुसाळे तिथल्याच शूटिंग रेंजवर सराव करायचा आणि २०२४ ला पॅरिसहून ब्राँझ घेऊन आला, खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक पदक. राधानगरीच्या बाजूचा पोरगा, तेव्हा रेल्वेत टीसी. रेंज उघडी होती, रोज होती, कोच होता, तेव्हा कुठे ते झालं. आणि त्याच बालेवाडीत मावळ लोकसभेची मतमोजणीही होते, २०१९ ला झाली, २०२४ ला झाली, म्हणजे मतदान यंत्रं आली की बाकीच्यांनी बाहेर. निवडणूक महत्त्वाची आहेच, कोण नाही म्हणतंय, पण एवढ्या मोठ्या जिल्ह्यात मोठं छप्पर असलेली दुसरी जागा शोधायला इतक्या वर्षांत जमू नये का.

मुलींचं वेगळं लिहायला हवं, कारण आराखड्यात त्यांचा विषय एका ओळीत येतो, "महिला चेंजिंग रूम, एक". ती रूम मी अनेक ठिकाणी बघितलीय. अर्ध्या ठिकाणी तिच्यात हर्डल्स, फाटलेल्या मॅट आणि जुने ट्रॉफीचे खोके असतात. उरलेल्या ठिकाणी कडी आतून लागत नाही. नळाला पाणी नसतं, डस्टबिन नसतो, आणि मग मुलगी पाळीच्या चार दिवसांत प्रॅक्टिसला येत नाही आणि कोच तिच्या नावापुढे गैरहजर लिहितो. बाकी संध्याकाळी सहानंतर मैदानावर फ्लडलाइट फक्त मॅचला लागतात, हॉस्टेलची मुलींची वेळ ठरलेली, दुपारी चारपर्यंत प्रॅक्टिकल, मग पोरीने पळायचं कधी? माझी भाची सकाळी साडेपाचला उठायला तयार आहे हो, पण हॉस्टेलचं गेट सहाला उघडतं आणि ट्रॅकचं उघडतच नाही. करोडोंच्या ट्रॅकपेक्षा तिला दोन गेटच्या वेळा जुळवून दिल्या तर जास्त उपयोग होईल, आणि त्याला एका सर्क्युलरचा कागद लागतो. मुली खेळायला येत नाहीत असं जे दरवर्षीच्या अहवालात लिहितात ना, त्यांनी एकदा त्या चेंजिंग रूमची कडी लावून बघावी.

आता मॉर्निंग वॉकवाले. इथे माझं माझ्याच वडिलांशी भांडण आहे. बाबा म्हणतात विद्यापीठ जनतेच्या पैशाचं, ट्रॅक जनतेचा, मी टॅक्स भरतो, मी चालणार. चाला की बाबा, पण पहिल्या लेनमध्ये तिघं जोडीने, पायात चपला, मोबाइलवर अभंग लावून नको ना, मागून पोरगं चारशेचं इंटरव्हल मारत येतं, ते काय "जरा बाजूला" म्हणत पळणार? कॅम्पसचे रस्ते आहेत, झाडं आहेत, सकाळची हवा ट्रॅकपेक्षा झाडाखाली चांगली असते. नागरिकांना पूर्ण बंदी घालायला मात्र माझा विरोध आहे. शेजारच्या वस्तीतलं पोरगं, जे त्या विद्यापीठात कधी शिकायला येईल की नाही माहीत नाही, त्याला कुंपणातून बघत ठेवणं बरं नाही. सकाळी सहा ते आठ आणि दुपारी चार ते आठ विद्यार्थी, सकाळी आठ ते दहा नागरिक, माफक फी, बाहेरच्या दोन लेन, जमेल की. फीचे पैसे मात्र मैदानाच्या खात्यात जाऊ देत, नाहीतर त्यातून पुन्हा पेव्हर ब्लॉक.

लोक म्हणतात उघडं ठेवलं की नासधूस होते. होते, थोडी होते. मी हॉस्टेलला राहिलेय, पोरं काय करतात मला माहीत आहे, डंबेल चोरीला जातात, नेटला लटकतात, वाढदिवसाचा केक कोर्टवर कापतात. पण वस्तू आपली वाटली की हीच पोरं सांभाळतातही. पुण्याच्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, सीओईपीचा बोट क्लब बघा, १९२८ पासूनचा, आता ते तंत्रज्ञान विद्यापीठ झालंय, पण बोटींची काळजी, सराव, दरवर्षीचा बोटींचा सोहळा म्हणजे रेगाटा, सगळं विद्यार्थीच करत आलेत, नदीत जलपर्णी, पाण्याचा वास, तरी करतात. त्या बोटींना हात लावायला कोणा सरांची सही लागत असती तर एवढी वर्षं कोणी नदीवर उतरलं असतं का? पुण्याला ही सवय जुनी आहे तशी, १९२० ला अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचे खेळाडू गेले त्यामागे डेक्कन जिमखाना आणि उद्योगपती दोराबजी टाटा होते, सरकारी संकुलाची वाट कोणी बघितली नव्हती.

खेळाडू किती तयार झाले यावरून संकुलाची किंमत करू नका असंही मला म्हणायचंय, जरी मी आत्ताच दोन पदकं मोजून दाखवली. विद्यापीठात शिकणाऱ्या बहुतेक पोरांना पदक मिळणार नाही. एमपीएससीचं पुस्तक घेऊन अभ्यासिकेत दहा-दहा तास बसणारी पोरं आहेत या शहरात, पाठ धरलेली, चष्मा लागलेला, मन कशात रमेनासं झालेलं, त्यांच्यासाठी संध्याकाळी तासभर व्हॉलीबॉल मिळणं ही गरज आहे. जिमखान्याची फी प्रत्येकाकडून घेता, मग सुविधा फक्त टीमला कशी काय? आणि मशीन भरलेल्या जिमला ट्रेनर नको का, की तासिका तत्त्वावरच्या पीटीच्या सरांनीच जिम, ट्रॅक, हॉल, स्पर्धेचे फॉर्म आणि टीए-डीएची बिलं सगळं बघायचं? त्या सरांना तर मे महिन्यात पगारही नसतो.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. नारळ फोडायच्या आधी दोन कागद दाखवा, एक वेळापत्रक आणि एक दहा वर्षांचा देखभालीचा हिशोब, माणसांच्या पगारासकट. ते विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेत मंजूर करा आणि गेटवर लावा. वर्षाच्या शेवटी संकुल किती तास विद्यार्थ्यांसाठी उघडं होतं आणि किती दिवस मांडव, परीक्षा, सभा यांना दिलं तेही त्याच गेटवर लिहा. कोनशिलेला जेवढी जागा दिलीय तेवढ्यात मावेल.

भाचीने आणि मी साधा अर्ज केलाय, क्रीडा संचालकांच्या नावाने, तीन प्रश्न, ट्रॅक कोणत्या तारखेपासून कोणत्या वेळेत उघडणार, चेंजिंग रूमची किल्ली कोणाकडे, आणि हॉस्टेलचं गेट साडेपाचला उघडता येईल का. आवकच्या खिडकीवरच्या बाईंनी वाचला, "बरं झालं लिहिलंत" म्हणाल्या आणि शिक्का मारून पोच दिली. त्याला आज सतरा दिवस झाले. भाची रविवारी माझ्याकडे येते आणि पहाटे तळजाईच्या टेकडीवर पळते, परवा दगडावर पाय मुरगळला, तरी फेऱ्या पूर्ण करून आली आणि मग सूज उतरायला पाय बर्फात घालून बसली, म्हणे पुढच्या महिन्यात झोनल आहे मावशी.